सुई अडकायची ती जागा

माझ्या सासरी गाण्याचं वावडं होतं असं कुणी म्हणणार नाही. सकाळी भूपाळी व्हायची, संध्याकाळी आरती, बारशाला पाळणा. पण समोरच्या चहाच्या हॉटेलातून जे ऐकू यायचं ते गाणं नव्हे, तो गलका, असं मामंजींचं मत होतं. आणि मामंजींचं मत तेच घराचं मत. मी वैरागहून नवी नवरी होऊन सोलापुरात आले तेव्हा मला दोनच गोष्टींचं अप्रूप होतं, एक नळाचं पाणी आणि दुसरा हा गलका. पाण्याचं अप्रूप महिन्याभरात उतरलं, कारण ते भरायचं मलाच होतं. गलक्याचं काही उतरलं नाही.

हॉटेल म्हणजे पत्र्याचं छप्पर, दोन बाकडी आणि एक भट्टी. मालक विणकराच्या घरातला. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी आणि ग्रामोफोनशी भांडताना दोन्ही. पितळी कर्ण्याचं ते यंत्र त्याने कुठून मिळवलं देव जाणे, पण पोटच्या पोराला जपावं तसं तो त्याला जपायचा. तबकड्या मोजक्याच. गिरणीची सकाळची पाळी सुटायच्या सुमाराला तो किल्ली फिरवायचा, म्हणजे भोंगा झाला की माणसं गाण्याच्या ओढीने त्याच्याकडे वळावीत. नेमकं त्याच वेळी आमच्या घरात मामंजी आणि सासूबाई वामकुक्षी घेत असत, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी आम्ही दोघी जावा ज्वारी पाखडत बसलेल्या असू.

त्या तबकड्यांत एक बाईच्या आवाजातलं, हळू चालीचं गाणं होतं. तिचं माणूस लांब कुठे गेलेलं, आणि ही एकटी वाट बघतेय, एवढीच त्याची गोष्ट. ध्रुपद मला अजून येतं:

माळावरती ऊन उतरले, वाट निजली सारी,
सांग ना रे, कधी येशील, दिवा ठेविते दारी.

आता या गाण्यात जगावेगळं काय होतं, असं मला कुणी विचारलं तर सांगता यायचं नाही. पण गिरणीतून दमून आलेली, बोटांना सुताचे कण चिकटलेली माणसं ते ऐकताना कपातला चहा गार करत, हे मी खिडकीतून पाहिलेलं आहे.

त्या तबकडीवर एक चरा पडला होता. सुई ‘कधी येशील’पाशी आली की अडकायची. कधी येशील, कधी येशील, कधी येशील. मग हॉटेलवाला हातातलं फडकं टाकून यायचा, तेलुगूत काहीतरी पुटपुटायचा आणि बोटाने सुई पुढे ढकलायचा. मधले दोन-तीन शब्द गडप होऊन गाणं पुढे चालू लागायचं. हे मला आमच्या ह्यांनी सांगितलं म्हणून कळलं. नाहीतर मी तरी ग्रामोफोन कुठे जवळून पाहिला होता? आमच्या घरच्या बायका हॉटेलच्या बाजूने जाताना मान वळवायच्या, त्यामुळे आमच्या वाट्याला आवाज तेवढा आला, यंत्र नाही.

माझ्या जाऊबाईंना सगळं घर अक्का म्हणे, म्हणून मीही म्हणायला लागले. त्या दुधनीच्या. दुधनीकडे अर्धी माणसं कानडीच बोलतात, त्यामुळे अक्कांची मराठीही थोडी कानडी वळणाची होती; हात भाजला की त्यांच्या तोंडून कानडीच निघायचं. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या, उंच, हाडापेराने मजबूत. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्यांचा नवरा म्हणजे आमच्या ह्यांचे थोरले भाऊ. पहिलं मोठं युद्ध सरत आलं होतं तेव्हा लष्करी कचेरीत कारकून म्हणून ते बसऱ्याला गेले. दोन वर्षं पत्रं आली. मग पत्रं आली नाहीत. मामंजींनी कचेऱ्यांना अर्ज केले, ओळखीपाळखीच्या माणसांना गाठलं. तापाने गेले म्हणावं तर तशी तार नाही, दुसरा संसार थाटला म्हणावं तर पाहणारा कुणी नाही. मी त्या घरात आले तोवर त्यांचा विषय निघायचा बंद झाला होता. भिंतीवर फोटोही नव्हता, कारण कधी काढलाच नव्हता.

अशा घरात त्या बाईने दिवस कसे काढले असतील याचा मी पहिल्या वर्षी फारसा विचार केला नाही. मी आपली माझ्या संसारात दंग. पण एक माझ्या लक्षात आलं होतं. समोर ते गाणं लागलं की अक्कांच्या हातातलं सूप थांबायचं. गाणं संपेपर्यंत ज्वारी तशीच. एकदा त्या म्हणाल्या, “किती मनापासून विचारते बघ ही. एकदा विचारून भागतच नाही तिचं.”

मी हसू दाबलं. तो चरा आहे, सुई अडकते, असं सांगायला तोंड उघडलंही होतं. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि मिटलं. सांगून काय मिळणार होतं? अक्कांना वाटायचं गाणंच तसं आहे. राहू दे, म्हटलं.

पुढे मला दिवस राहिले आणि सातव्या महिन्यात सासूबाईंनी थाटात डोहाळजेवण केलं. हिरवं लुगडं, फुलांच्या वाड्या, पाटाभोवती रांगोळी. गल्लीतल्या झाडून साऱ्या सुवासिनी आल्या. मामंजींची थोरली बहीण, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणत असू, त्या आठ दिवस आधीच येऊन राहिल्या होत्या. विधवा असल्यामुळे त्या माजघराच्या उंबऱ्याच्या आत बसल्या आणि तिथूनच सगळ्यांना कामं सांगत होत्या. ओटी भरून झाली, पोटं भरली, तसं गाण्यांना सुरुवात झाली. शेजारच्या वकिलीणबाईंनी डोहाळ्याचं एक लांबलचक गाणं म्हटलं. ते संपेना, तेव्हा कुणीतरी चतुराईने ‘आता दुसऱ्या कुणाला तरी म्हणू द्या’ म्हणून त्यांना थांबवलं. वकिलीणबाई जरा फुगल्याच आणि म्हणाल्या, “मग अक्का म्हणतील. अक्कांचं गाणं कधी ऐकलंच नाही बाई आम्ही.”

अक्का एरवी असल्या वेळी हातात काहीतरी भांडं घेऊन आत सटकायच्या. त्या दिवशी का कोण जाणे, सटकल्या नाहीत. हात नव्या हिरव्या बांगड्यांनी भरलेले, पानाने ओठ रंगलेले. भिंतीला टेकून बसल्या, डोळे मिटले आणि गायला लागल्या. समोरच्या हॉटेलातलंच गाणं. बायकांनी एकमेकींना कोपरखळ्या मारल्या. मला तर पाटावर बसल्या जागी घाम फुटला, कारण मामंजी बाहेरच्या खोलीत होते.

पण आवाज चांगला होता हो. मला ठाऊक नव्हतं. थोडा जाड, न सजवलेला आवाज. ‘सांग ना रे’पर्यंत अक्का आल्या आणि म्हणाल्या, कधी येशील, कधी येशील, कधी येशील. मग एक झटका देऊन, मधले शब्द गाळून, पुढच्या कडव्यात गेल्या. जसं ऐकलं होतं तसं, जिथल्या तिथे.

एका पोरीला हसू फुटलं. तिच्या आईने तिला चिमटा काढला असावा, कारण हसू तिथेच थांबलं. दुसऱ्या कडव्यानंतर ध्रुपद पुन्हा आलं, पुन्हा तीनदा, पुन्हा तो झटका. आता कुणीच हसत नव्हतं. ज्यांना हॉटेलातला चरा ठाऊक होता त्याही विसरल्या असतील. बाई गाणं म्हणत नाहीये, विचारतेय, असं साऱ्यांना वाटलं. वकिलीणबाईंनी पदर डोळ्याला लावला. सासूबाई ताटातली सुपारी निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

गाणं संपलं आणि त्या शांततेत उंबऱ्याआडून आत्याबाईंचा आवाज आला. “किती वर्षं झाली गं त्याला?”

आत्याबाई दुष्ट नव्हत्या. ते मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण त्या दिवसानंतर मी त्यांच्याशी कधी धड बोलले नाही. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. सासूबाई म्हणाल्या, “झाली की बरीच.” पण बरीच म्हणून आत्याबाईंचं भागेना. त्या बोटाच्या पेरांवर मोजत बसल्या. धाकट्या भाचीचं लग्न झालं ते साल, प्लेगासाठी सगळे माळावर राहायला गेले ते साल, शेवटचं पत्र आलं तो आषाढ. इतकी वर्षं त्या घरात कुणी मोजलं नव्हतं. न मोजण्यावरच ते घर उभं होतं. आत्याबाईंनी मोजलं आणि हिशेब लागला. येत्या आषाढात बारा वर्षं भरत होती.

बारा वर्षं म्हणजे काय, हे आजच्या मुलींना सांगावं लागेल. गेलेल्या माणसाचा बारा वर्षं ठावठिकाणा लागला नाही, तर तो मेला असं धरायचं आणि त्याचे दिवस करायचे. देह नसतो, म्हणून पळसाच्या पानांच्या देठांचं माणूस करायचं, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. मग त्याची बायको विधवा. त्याआधी ती सुवासिनी असते, त्यानंतर नाही, मग तो खरोखरचा तिकडे बसऱ्याच्या बाजारात खजूर खात बसलेला का असेना.

आत्याबाईंनी संध्याकाळी मामंजींच्या कानावर घातलं. मामंजी निवृत्त शिक्षक, नेमाचे. गणितात हातचा विसरलेला त्यांना जन्मात खपला नव्हता. त्यांनी पंचांग काढलं, चष्मा पुसला आणि बराच वेळ पानं उलटत राहिले. मग म्हणाले, “करायला हवं.”

सासूबाई त्यांच्यासमोर कधी चढा शब्द बोलत नसत. त्या दिवशी बोलल्या. “माझं पोर मी माझ्या हाताने जाळणार नाही. तुम्हाला पुण्य हवं असेल तर काशीला जा.” आणि स्वयंपाकघरात येऊन अशा काही भाकरी थापायला लागल्या की परातीचा आवाज समोरच्या हॉटेलात गेला असेल. आमचे हे दोघांच्या मध्ये सापडले. भाऊ म्हणून अग्नी द्यायचा तो ह्यांनीच. त्या महिन्यात ह्यांचं जेवण निम्म्यावर आलं. गिरणीच्या कचेरीतून आले की पायरीवर बसायचे ते दिवेलागणीपर्यंत आत यायचे नाहीत.

एवढं सगळं चाललं होतं, पण अक्कांना कुणी एका शब्दाने विचारलं नाही. सासरा म्हणतो करा, सासू म्हणते नको, दीर गप्प, आत्या पंचांग घेऊन बसलेली. जिचं कुंकू ती स्वयंपाकघरात शेंगा भाजतेय. माहेरी दुधनीला आई-वडील राहिले नव्हते, भाऊ स्वतःच्या संसाराने बेजार. तिच्या बाजूने भांडणारं कुणी नाही. मला राग यायचा, आणि माझा राग गरोदरपणात जरा जास्तच होता. शेवटी एका दुपारी मीच विचारलं, “अक्का, तुम्हाला काय वाटतं?”

त्या सुपातले खडे वेचत होत्या. समोर गाणं लागलेलं.

“मला काय वाटायचंय?”

“म्हणजे, तुम्हाला त्यांची आठवण येते, तुम्ही गाणं म्हणता तेव्हा...”

अक्का हसल्या. हसल्याच, खरोखर. म्हणाल्या, “वेडी आहेस की तू. कुणाची आठवण? मी दहाची होते लग्नात. बारा वर्षांची असताना ते गेले. घरात मोठी माणसं, मी सदा खाली मान घालून. त्यांचं तोंड मी नीट बघितलेलं नाही गं. मला त्यांचे पाय आठवतात. डाव्या पायाचा अंगठा ठेचाळून काळा पडलेला. ते अंगणातून गेले की मी ओळखायची. आता रस्त्यात उभे राहिले तर पायांवरनं ओळखीन, तोंडावरनं नाही.”

मी खिडकीबाहेर पाहिलं.

“ती बाई,” अक्कांनी खिडकीकडे मान केली, “तिला किती आठवतंय बघ. तिला ठाऊक आहे ती कुणाची वाट बघतेय. मला आपलं वाटतं, असं आपल्याला येत असतं तर. कुणीतरी आठवावं, जीव तुटावा. माझ्यापाशी नुस्ता अंगठा आहे. म्हणून तिचं गाणं म्हणते. उसनं.”

मग सुपात पुन्हा हात घालत म्हणाल्या, “पण कुंकू जाऊ नये असं वाटतं. ते खोटं कशाला बोलू? कुंकू आहे तोवर चार बायकांत बसते, गाणं म्हणा म्हणतं कुणी. ते गेलं की उंबऱ्याच्या आत. आत्याबाईंसारखं.”

मी हे ह्यांना सांगितलं. ह्यांनी ते सासूबाईंना सांगितलं असावं, कारण सासूबाई पुढे आठ-पंधरा दिवस अधिकच ठाम झाल्या. मला वाटलं, जिंकलं आपण. जिला पोटचा गोळा जाळवत नाही तिच्यापुढे पंचांगाचं काय चालणार? पण मामंजी शिक्षक होते. कुठल्या पोराला कुठला प्रश्न घालायचा ते त्यांना कळत होतं. एकदा जेवताना पाण्याचं भांडं उचललं आणि तोंडाला न लावता तसंच हातात धरून म्हणाले, “तो गेला असेल आणि आपण पाणी दिलं नसेल, तर बारा वर्षं तहानलेला आहे तो.”

तेवढंच. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांच्या हातातली पळी वरणात तशीच राहिली. आमचा मुलूख कोरडा. विहिरी आटल्यावर तहान म्हणजे काय ते इथल्या बाईला समजावून सांगावं लागत नाही. आणि आईला तर नाहीच. त्या रात्री जेवल्या नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी देवघरासमोर बसून म्हणाल्या, “करा. पण तिचे केस काढायचे नाहीत. न्हाव्याला या दारात आणलात तर मी तळं जवळ करीन.” मामंजींनी मान डोलावली.

भटजी येऊन सगळं ठरवून गेले. बायकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने त्यांनी हेही सांगितलं की पुढेमागे माणूस परत आलाच तर काळजी नको, शास्त्रात सोय आहे. त्याला तुपाच्या घागरीतून पुन्हा जन्माला घालायचं, बारशापासून सगळे संस्कार पुन्हा करायचे आणि त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं. मी आत माझ्याशीच म्हटलं, शास्त्रात सगळ्यांची सोय असते, बाईची तेवढी राहून जाते. मोठ्याने म्हणायची माझी छाती नव्हती.

दिवस ठरला, पण अक्कांना तो कुणी सांगितला नाही. सासूबाई म्हणाल्या, मी सांगेन. आज सांगते, उद्या सांगते करत राहिल्या. मला विचाराल तर त्यांना जमलं नाही, एवढंच.

आमच्याकडे पळसाची पानं घेऊन एक म्हातारी यायची. मेंढरं राखणाऱ्या घरातली, डोक्यावर पानांचा भारा, कानात पितळेच्या बाळ्या. श्राद्धपक्ष, सणवार आला की तिची पानं घ्यायची आणि घरच्या बायकांनी पत्रावळी लावायच्या, ही घरची रीत. पत्रावळी लावण्यात अक्कांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पान फिरवायच्या, देठ खुडायच्या, काडी टोचायच्या, बघता बघता पत्रावळ तयार. तर त्या दिवशी सकाळी म्हातारी आली. मी ओसरीवर पाय लांब करून बसले होते, पोट आवरत नव्हतं. अक्का पुढे झाल्या.

“देटं तोडू नगा म्हनं,” म्हातारी भारा उतरवत म्हणाली. “भटजीनी तसंच सांगितलंय. समदी देटासकट आनल्यात बगा, लई हिंडले.”

“बरं,” अक्का म्हणाल्या. तिला गूळ-पाणी दिलं, ती गेली.

मला त्याच क्षणी कळायला हवं होतं. पण मी वाती वळत होते आणि पोटातलं बाळ लाथा मारत होतं. अक्का पानं घेऊन अंगणातल्या सावलीत बसल्या. देठासकट हा शब्द त्यांच्या कानावरून गेला असेल. इतक्या वर्षांची हाताची सवय. पहिलं पान घेतलं, देठ खुडला, बाजूला टाकला. दुसरं घेतलं. काडी टोचली. आणि कामात हात लागला की त्या गुणगुणायच्या तशा गुणगुणू लागल्या, तेच गाणं. कधी येशील, कधी येशील, कधी येशील.

सासूबाई देवघरातून बाहेर आल्या त्या तशाच खांबाला धरून उभ्या राहिल्या. दोन पत्रावळी लावून झाल्या होत्या, तिसरी मांडीवर होती. अंगणात देठांचा लहानसा ढीग. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग देठांकडे, आणि माझ्या हातातला कापूस खाली पडला.

अक्कांनी मान वर केली. आधी सासूबाईंकडे, मग माझ्याकडे बघितलं. गुणगुणणं थांबलं. मग त्यांनी त्या देठांच्या ढिगाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “ही पानं जेवायची नव्हेत?”

मी पडलेला कापूस उचलू लागले.

“उद्या आहे?”

सासूबाई जिथे होत्या तिथेच खाली बसल्या. अक्का रडल्या नाहीत. त्यांनी मांडीवरच्या पत्रावळीतल्या काड्या एकेक करून काढल्या, पानं सुटी केली. मग अंगणातले देठ वेचले, मातीत पडलेले फुंकून घेतले, सगळे पदरात जमवले आणि सासूबाईंच्या पुढ्यात आणून ठेवले. “तुटलेत,” म्हणाल्या, “पण वाया गेले नाहीत. बघा चालतात का.” जसं काही कुणाच्या घरून उसनं आणलेलं भांडं पोचवत होत्या.

दुसऱ्या दिवसाचं मी लिहिणार नाही. पुरुष तळ्याच्या बाजूला गेले, ते दुपारी ओलेत्याने परतले. हे भिंतीकडे तोंड करून पडले. घरात बायकांनी जे करायचं ते केलं, आणि ज्यांनी केलं त्यांत मी नव्हते. गरोदर बाईने तिथे थांबायचं नसतं. मला मागच्या खोलीत बसवलं होतं. बांगड्यांचा आवाज मात्र तिथवर आला. त्या हिरव्याच होत्या, माझ्या डोहाळजेवणाच्या.

दिवस झाल्यावर मी त्यांना पाहिलं. मोकळं कपाळ इतकं मोठं असतं हे मला ठाऊक नव्हतं. साधं लुगडं, हात ओकेबोके. मला रडू कोसळलं आणि मीच त्यांच्या गळ्यात पडले, जणू माझंच काही गेलं होतं. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग काही वेळाने, जरा हळू आवाजात म्हणाल्या, “भटजी म्हणाले ते खरं का गं? आले तर पुन्हा लग्न लावतात?”

“हो म्हणे.”

“मग बरं.” माझा पदर सारखा करत म्हणाल्या, “या खेपेला अंतरपाट निघाल्यावर मी खाली बघणार नाही.”

समोरच्या हॉटेलवाल्याला कुणीतरी सांगितलं असावं. आमच्या सुतकात त्याने किल्ली फिरवली नाही. पुढेही ती तबकडी काही दिवस लावली नाही. एकदा मी दारात उभी असताना आपण होऊन म्हणाला, “बाई, ते गाणं आता मी लावत न्हाय. तुमच्या घराला बरं न्हाय ते.” मी मान हलवून आत आले. पण गिरणीच्या माणसांनी धोशा लावला, गिऱ्हाईक दुसरीकडे जायला लागलं, आणि ते पुन्हा सुरू झालं. अक्का आता ते लागलं तरी सूप थांबवत नसत. म्हणणं तर सुटलंच होतं. त्यांना गाणं म्हणा म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. घरात समारंभ असला की त्या आत्याबाईंच्या जागी, उंबऱ्याच्या आत. कामं मात्र आत्याबाईंसारखी सांगत नसत, आपली करत असत.

मग हॉटेलवाल्याची तबकडी फुटली, का पार झिजली, ती ऐकू येईनाशी झाली. माझा मुलगा धावायला लागला होता तोपर्यंत. मामंजी थकले होते आणि त्यांचं मतही थकलं होतं, म्हणून असेल, ह्यांनी कुणाकडून तरी वापरलेला ग्रामोफोन घरी आणला. लहानसा, पेटीतला. आणि त्याबरोबर माझ्यासाठी म्हणून तीच तबकडी, कोरी. ह्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मी ते गाणं स्वयंपाक करताना गुणगुणत असे, तेवढं ह्यांच्या लक्षात राहिलेलं.

दुपारची वेळ होती. मी नको म्हणायच्या आत ह्यांनी सुई टेकवली. अक्का माजघराच्या उंबऱ्याशी लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी पेटीकडे पाहिलं आणि हात थांबला. किती दिवसांनी थांबला. बाई गाऊ लागली, तीच चाल, तोच आवाज, पण स्वच्छ, अगदी शेजारी बसून म्हटल्यासारखा. माळावरती ऊन उतरले. अक्कांचे ओठ हलायला लागले. सांग ना रे, कधी येशील. अक्कांचे ओठ तिथेच होते, कधी येशील, कधी येशील. त्यांचं तीनदा म्हणून होईतो बाई दिवा दारात ठेवून पुढच्या कडव्यात पोचली होती.

अक्का थांबल्या. दुसऱ्या ध्रुपदाला त्यांनी ओठ हलवले नाहीत, नुसतं ऐकलं. तिसऱ्यालाही. तबकडी फिरायची थांबली, ह्यांनी सुई उचलली आणि माझ्याकडे बघून हसले.

“हिने एकदाच विचारलं,” अक्का म्हणाल्या.

मी म्हटलं, “अक्का, ती हॉटेलातली तबकडी...”

पण त्यांनी ऐकलं नाही. त्या लसणाच्या पाकळ्या मुठीत घेऊन उठल्या होत्या. आत जाताना म्हणाल्या, “हिचा आला असेल.”